वजन थांबलं म्हणजे पोट भरलं असं नाही

प्रश्न : ताई, मी कराडहून लिहितेय. मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी तिच्या पप्पांची शुगर बॉर्डरवर आली म्हणून त्यांनी दोनच वेळा जेवायचं सुरू केलं. वजन उतरलं, पाहुण्यारावळ्यांत कौतुक झालं. मग हिनंही त्यांच्याबरोबर सुरू केलं. आधी साखर बंद, मग भात, मग तेल. सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास. आता दिवसाला एक भाकरी, काकडी आणि पातळ ताक. त्या भाकरीचे नखाएवढे तुकडे करून तासभर बसते. पोहे काट्यावर मोजते. पाच महिने पाळी नाही, केस गळतात, हात बर्फासारखे गार, भर उकाड्यात स्वेटर घालते. पण दीड महिना झाला, वजन उतरायचं थांबलंय. सासूबाई म्हणतात, तिच्या अंगाला तेवढंच लागत असेल. ती म्हणते, माझं मेटाबॉलिझम स्लो झालंय, जास्त खाल्लं की फुगेन. रक्तात टी-थ्री कमी आलाय, टीएसएच नॉर्मल. ओळखीतले एक जण थायरॉईडची गोळी सुरू करा म्हणतात.

गंमत म्हणजे आम्हा सगळ्यांसाठी हौसेनं करते. रात्र रात्र रेसिपीचे व्हिडिओ बघते, आग्रह करकरून वाढते, स्वतः चवसुद्धा बघत नाही. आणि मागच्या आठवड्यात रात्री दोनला उठून बेसनाच्या लाडवांचा अर्धा डबा संपवला आणि ओट्याला टेकून रडत बसली. पप्पा म्हणतात, नाटकं आहेत सगळी. मी पंधरा दिवस समोर बसून थोडं थोडं जास्त खायला लावलं, तर पोट फुगलं आणि रात्री घामानं चादर ओली व्हायला लागली. घाबरून थांबले. चुकलं का माझं? आणि दिवाळीचा फराळ यंदाही तिच्याकडूनच करून घ्यावा का? तेवढाच तिला आनंद.

– एक आई

उत्तर :

ताई, आधी कामाचं सांगते, कारणं नंतर.

याच आठवड्यात तिला फिजिशियनकडे न्या आणि सगळं न लपवता सांगा. ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगितलंत तर टॉनिक घेऊन परत याल. उपवास, काटा, भाकरीचे तुकडे, पाळी, लाडू, सगळं सांगा. तिला आडवं झोपवून आणि मग उभं करून, दोन्ही वेळा नाडी आणि बीपी बघायला सांगा. ईसीजी काढून घ्या. रक्तात शुगर, सीबीसी, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस. फॉस्फरस मुद्दाम मागून घ्या, नेहमीच्या पॅनेलमध्ये तो बऱ्याचदा नसतो आणि उपाशी शरीरात तोच दगा देतो. जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, चक्कर येऊन पडली असेल, छातीत धडधडत असेल, पायावर सूज असेल, किंवा एक-दोन दिवस तिनं तोंडात काहीच घेतलं नाही, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि ‘जगून काय करू’ असं काही बोलली, तर त्याच रात्री.

त्या डॉक्टरांच्याच सल्ल्यानं मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जवळ कोणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी आहारतज्ज्ञ आहे, पत्रावरून आजाराचं नाव ठरवणं माझं काम नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून ॲनोरेक्सिया नर्व्होसाची, म्हणजे वजन वाढायच्या भीतीनं खाणं तोडत नेण्याच्या आजाराची, शंका न घेणारा डॉक्टर विरळा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते : हे सदर तिच्या हातात देऊ नका. पुढे आकडे आहेत, आणि या आजारात पोरी आकडे वेचून घेतात.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते, कारण घरातली सगळी गफलत तिथंच आहे.

तुम्ही कोयनेच्या काठच्या. धरणात पाणी कमी असलं की काय होतं, तुम्हाला मी सांगायला नको. आधी कालव्याची आवर्तनं बंद होतात. मग गावाला एक दिवसाआड पाणी. पिण्यापुरतं तेवढं राखून ठेवतात. आणि सगळे दरवाजे बंद झाले की पातळी एका खुणेवर थांबल्यासारखी दिसते. म्हणून पाऊस पडला असं कोणी म्हणतं का?

तुमच्या लेकीच्या शरीरानं हेच केलंय. आत येणारं अन्न कमी झालं तसं त्यानं एकेक दरवाजा पाडला. मूल जन्माला घालायची तयारी ही चैन, म्हणून मेंदूनंच अंडाशयाकडे जाणारा निरोप थांबवला. पाळी गेली ती अशी. केस, नखं, त्वचा, यांचा पुरवठा कमी. हातापायांतलं रक्त आत ओढून घेतलं, म्हणून बोटं गार. हृदय सावकाश चालवलं. पोट आणि आतडी सुस्त केली, म्हणजे आलेला घास जास्त वेळ धरून ठेवता येतो. आणि थायरॉईड. आपल्या अंगात टी-फोरपासून टी-थ्री तयार होतो, आणि टी-थ्री ही खरी शेगडी. उपासमारीत शरीर हे रूपांतर मुद्दाम कमी करतं. म्हणून रिपोर्टमध्ये टी-थ्री कमी आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा मेंदूकडचा हुकूम, नॉर्मल. हा थायरॉईडचा आजार नव्हे. ही काटकसर आहे.

त्यामुळे ती गोळी अजिबात नको. काटकसरीनं चाललेल्या घरात तुम्ही गॅस मोठा करताय असं होईल. उरलासुरला स्नायू जळेल, हाडं झिजतील, आणि आधीच थकलेल्या हृदयाला पळावं लागेल. ती खायला लागली की टी-थ्री आपोआप वर येतो. तसंच, पाळी आणायच्या गोळ्या घेऊन ‘आली एकदाची’ असं समाधान करून घेऊ नका. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण आतलं दुकान बंदच असतं. हाडांचंही त्यांनी फारसं राखलं जात नाही. आणि हाडं हा या वयातला मोठा हिशेब आहे : मुलीच्या आयुष्यभराच्या हाडाच्या भांडवलापैकी बहुतेक, सुमारे ९० टक्के, अठराव्या वर्षापर्यंत जमा झालेलं असतं. तिच्या हाती थोडाच वेळ आहे, आणि नेमकं त्याच वेळी तिनं भरणा बंद केलाय.

म्हणजे ‘मेटाबॉलिझम स्लो झालंय’ हे तिचं वाक्य अर्धं खरं आहे. चयापचय मंदावलंय. पण ते मंद आहे म्हणून कमी खायचं, हे उलटं झालं. कमी खाल्लं म्हणून ते मंद आहे. आणि बिघडलेलं नाही. ते चोख काम करतंय, इतकं चोख की घरच्यांची फसगत झाली.

पप्पांचं ‘नाटकं आहेत’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय. मी त्यावर वाद घालत नाही, एक गोष्ट सांगते. तीही लेकीची नाही, पुरुषांचीच.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि त्यांना पुन्हा खायला कसं घालायचं हे कोणालाच धड माहीत नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले तरुण स्वतःहून पुढं आले. त्यांतून ३६ जण निवडले, शरीरानं धट्टेकट्टे आणि मनानंही खंबीर, हे तपासूनच. पहिले तीन महिने पोटभर जेवण. मग सहा महिने अर्धपोटी : बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. दिवसाला साधारण १,५७० कॅलरी आणि आठवड्याला २२ मैल चालणं. हा आकडा नीट बघा, ताई. आपल्याकडे बायकांना सर्रास वाटले जाणारे डाएटचे तक्ते यापेक्षा खाली असतात.

त्यांचं वजन चौथ्या हिश्शानं उतरलं. विसावा घेत असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, ती जवळपास ४० टक्क्यांनी खाली आली. नाडी मिनिटाला ३५ च्या आसपास. उन्हाळ्यात गोधड्या मागायचे. हे झालं शरीराचं. पण मला दरवेळी थांबवतं ते पुढचं.

हे लोक पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ज्यांनी उभ्या आयुष्यात चहा केला नव्हता ते रात्री जागून रेसिप्या उतरवून घेत. दहा मिनिटांचं जेवण दोन तास पुरवत, तुकडे करत, पाणी घालून पातळ करत, शेवटी ताट चाटत. कॉफी इतकी पीत की कपांवर मर्यादा घालावी लागली. मैत्री, चेष्टामस्करी, मुलींचे विचार, सगळं विझलं. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा. काहींना वाटायला लागलं, आपण ठीकच आहोत, बाकीचे लोकच फार जाड आहेत. कोणी मध्येच दुकानात शिरून भसाभसा खाल्लं आणि नंतर स्वतःची किळस येऊन रडलं. एकानं लाकूड फोडताना स्वतःच्या हाताची तीन बोटं तोडली, आणि ते चुकून झालं की मुद्दाम, हे त्याला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. भाकरीचे तुकडे. रेसिपीचे व्हिडिओ. रात्री दोनचा डबा.

त्या ३६ जणांतल्या कोणालाही मॉडेल व्हायचं नव्हतं. रील्स नव्हत्या, बारावी नव्हती, आईचे लाड नव्हते. फक्त अन्न कमी होतं. म्हणून मी पप्पांना म्हणते : तुम्हाला जी नाटकं दिसतायत, त्यांतली बरीचशी नुसत्या उपासमारीची लक्षणं आहेत. लाडवाचा डबा तर उलट चांगली खूण आहे. तिच्या शरीरानं अजून हार मानलेली नाही. त्या रात्री तिचा संयम सुटला नाही, शरीरानं हिसकावून घेतलं. तिला हेच सांगा, याच शब्दांत. आणि दुसऱ्या दिवशी ‘काल लाडू झाले ना, आज उपवास करते’ म्हणाली तर तो उपवास होऊ देऊ नका, कारण पुढचा रात्रीचा डबा त्या उपवासातूनच उघडतो. जेवणानंतर बाथरूमचा नळ बराच वेळ सुरू राहतो का, एवढं लक्ष ठेवा. उलट्या काढत असेल तर पोटॅशियम झपाट्यानं खाली जातं आणि त्याचा पहिला घाव हृदयाच्या ठोक्यांवर बसतो. पातळ, किडकिड्या पोरीचं पोटॅशियम बघायचं डॉक्टर विसरत नाहीत. बरी दिसणारीचं विसरतात.

पण सगळं उपासमारीवर ढकलणंही खोटं होईल. तुमच्या घरात दोघांनी एकाच वेळी जेवण कमी केलं. पप्पा चिडचिडे झाले असतील, हिशेबानं खाऊन थांबले. ती थांबू शकली नाही. काही माणसांना उपाशी राहिलं की जीव कासावीस होतो, आणि काही थोड्यांना उलट शांत वाटतं, डोक्यातला गलका कमी होतो. या दुसऱ्या जातीच्या पोरींना डाएट म्हणजे काडीपेटी आहे. २०१९ मध्ये जवळपास १७ हजार ॲनोरेक्सियाच्या रुग्णांची जनुकं तपासून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जनुकांवरच्या आठ जागा सापडल्या आणि त्यांचा संबंध फक्त चिंता, नैराश्य, मंत्रचळ यांच्याशीच निघाला नाही, तर इन्सुलिन, चरबी, वजन यांच्याशीही निघाला. म्हणजे हा निव्वळ डोक्याचा आजार आहे असं आता म्हणता येत नाही. काही जणांचं शरीरच वजन उतरताना ब्रेक लावायला कमी पडतं, अशी शक्यता त्यातून दिसते. हे मी अशासाठी सांगते की तुम्ही रात्री जागून ‘माझं कुठं चुकलं’ हा जो हिशेब मांडत असाल, तो बंद करा. पप्पांच्या डाएटनं काडी पडली असेल, पण गवत आधीपासून वाळलेलं होतं.

ती विचारेल, पप्पांना चालतं ते मला का नाही? उत्तर सरळ आहे. पप्पांची शुगर वाढली होती आणि त्यांची हाडं भरून पंचवीस वर्षं झाली. एवढं बोलून थांबा. वाद घालू नका. उपाशी मेंदू हट्टी होतो, एकाच खोबणीत फिरतो. तिच्याशी कॅलरीवर चर्चा करायला बसलात तर ती जिंकेल, कारण तिनं दिवसभर त्याच विषयाचा अभ्यास केलाय.

उपवासांबद्दल जरा थांबून बोलते. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते उगाच नाही. आपला उपवास म्हणजे खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, घरभर तुपाचा वास. तुमच्या लेकीचा उपवास काकडीचा आहे. देवाचं नाव लावलं की कोणी अडवत नाही, उलट ‘किती गुणाची पोर’ म्हणतात. या आजाराला यापेक्षा चांगलं पांघरूण मिळणार नाही. हे उपवास सासूबाईंनीच सोडवावेत. तुमच्या तोंडून ती ऐकणार नाही, पण आजी म्हणाली ‘आजाऱ्याला उपवास नसतो, देवाला मी सांगते’, तर तिच्या हातातलं एक हत्यार कमी होतं. सासूबाईंना हे काम द्या. त्यांनाही काहीतरी करता आल्यासारखं वाटेल, आणि ‘तेवढंच लागत असेल’ हे वाक्य घरातून जाईल.

तुम्ही पंधरा दिवस भरवलंत ते चुकलं का? नाही. थांबलात ते चुकलं, आणि तेही कोणी सांगितलं नव्हतं म्हणून.

पोट फुगणारच होतं. महिनोन्‌महिने सुस्त पडलेलं पोट घास पुढं ढकलत नाही. वाटीभर भात तास-दीड तास दगडासारखा बसून राहतो. तिला ते ‘जाड झाले’ असं वाटतं, आणि कपड्याची नाडी घट्ट लागली की तिची खात्रीच पटते. यावर औषध म्हणजे खाणंच. काही आठवडे नेमानं गेलं की पोट पुन्हा शिकतं. तोवर घास लहान, पण दमदार हवा. लोक इथंच चुकतात : पौष्टिक म्हणून वाटीभर सॅलड, मोड आलेली कडधान्यं, कोंड्याची भाकरी. चोथ्यानं पोट आणखी फुगतं आणि आत काही जात नाही. मऊ वरणभातावर तूप, मुगाची खिचडी, शिरा, पनीर, अंड्याची पोळी, थालीपिठावर लोण्याचा गोळा, शेंगदाण्याचा लाडू, दूध. मेथीची भाजी पळून जात नाही, नंतर येईल.

घाम ही तर आनंदाची बातमी होती, आणि तुम्ही तिला घाबरलात. धरणात पाणी यायला लागलं की दरवाजे एकेक उघडतात. अन्न वाढलं तशी शेगडी पेटते, कधीकधी पहिल्यापेक्षा मोठी. रात्री अंग तापतं, चादर भिजते. आणि मग एक विचित्र काळ येतो : ती आधीपेक्षा कितीतरी जास्त खातेय आणि काटा हलत नाही, कारण आलेलं सगळं दुरुस्तीत जातं, म्हणजे हृदयाचा स्नायू, आतड्याचं अस्तर, रक्त, हाड यांत. अशा वेळी मुलींना दिवसाला तीन हजार कॅलरी किंवा त्याहून जास्त लागू शकतात. मिनेसोटाच्या लोकांचंही असंच झालं. अर्धपोटी सहा महिने संपल्यावर पहिले काही आठवडे त्यांना थोडं थोडं वाढवून दिलं तर ते सुधारलेच नाहीत. चार हजारांच्या आसपास जेवायला लागल्यावर खरी भर पडली. आणि पोट तुडुंब असूनही भूक जाईना, हेही कित्येकांना महिनोन्‌महिने झालं. ते नंतर आपसूक थांबलं.

मग उद्याच ताट भरून वाढायचं? नाही. म्हणून तर वर रक्ततपासणीची घाई केली.

बराच काळ उपाशी असलेलं शरीर चरबीवर चालतं, इन्सुलिन जवळपास झोपलेलं असतं. एकदम भात, साखर, फळांचा रस पोटात गेला की इन्सुलिन उसळतं आणि पेशी रक्तातला फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ओढून घेतात. पेशींची भूक मोठी आणि रक्तातला साठा तुटपुंजा. फॉस्फरस धाडकन खाली येतो आणि हृदय, श्वास, मेंदू, कशालाही झटका बसू शकतो. सोबत ब-१ जीवनसत्त्वही संपतं. महायुद्धात सुटलेले कैदी पहिल्या पोटभर जेवणानंतर दगावले, ते यामुळे. आपल्या आज्या निर्जळी उपवास सोडताना आधी पातळ पेज द्यायच्या, त्यांना फॉस्फरस माहीत नव्हता, पण हात माहीत होता. धोका सगळ्यात जास्त पहिल्या आठ-दहा दिवसांत. तुमच्या मुलीला घरीच वाढवत न्यायचं की पहिले काही दिवस हॉस्पिटलात, रोज रक्त बघत, हे डॉक्टरांना ठरवू द्या. हॉस्पिटल म्हणाले तर माघार घेऊ नका. मेडिक्लेम असेल तर विचारून ठेवा : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारालाही शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं संरक्षण द्यावं लागतं. काउंटरवरचा माणूस नाही म्हणाला तर लेखी मागा.

डॉक्टरांचा हिरवा कंदील मिळाला की घरातलं काम तुमचं. तीन जेवणं, मध्ये तीन खाणी, वेळा घड्याळावर, भुकेवर नाही. तिची भूक आत्ता खरं बोलत नाही. ताट तुम्ही वाढायचं, ती स्वयंपाकघरात नको. समोर कोणीतरी बसायचं आणि इतर गप्पा मारायच्या, क्रिकेट, सिरीयल, शेजारणीची सून, काहीही. अडली तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा : ‘हे तुझं औषध आहे, मी इथंच बसलेय.’ ओरडेल, ताट सरकवेल, तुम्हाला नको नको ते बोलेल. ते बोलणं तिचं नव्हे, असं समजून गिळा, मग पाठीमागं जाऊन रडा हवं तर. जेवणानंतर तासभर तिला एकटी सोडू नका. गच्चीवरचे जिने, दहा हजार पावलं, खोलीत दार लावून उड्या, सगळं बंद. उपाशी शरीराला एक विचित्र चुळबुळ सुटते. अन्नाच्या शोधात निघायला ती निसर्गानंच ठेवली असावी, पण इथं ती घात करते.

पोह्यांचा तो काटा घरातून बाहेर काढा. लपवू नका, देऊन टाका. वजन डॉक्टरांकडेच, काट्याकडे पाठ करून.

आणि तक्ते मागू नका. माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका मुलीला मी छान तक्ता करून दिला होता, सुवाच्य अक्षरात, शेवटी बेरीज मांडून. महिन्यानं ती आली ती आणखी वाळून. कागदाच्या घड्या फाटायला आल्या होत्या, इतका तो जपला होता. मी ‘इतकं तरी खा’ म्हणून लिहिलं होतं, तिनं ‘याच्या पुढं नाही’ असं वाचलं. शिवाय पोहे आणि उपमा यांतला कमी कॅलरीचा पदार्थ रोज निवडला होता. तेव्हापासून मी मुलीच्या हातात कागद देत नाही. आईला बोलावते, वाट्या दाखवते, तूप कुठपर्यंत ते चमच्यानं दाखवते.

समुपदेशन हवंच, पण पहिल्या महिन्यात त्यातून फार अपेक्षा धरू नका. अर्धपोटी माणसाशी मनाच्या गोष्टी बोलणं म्हणजे तापात फणफणलेल्याला गणित शिकवणं. वजन थोडं परतलं की तीच मुलगी अचानक हसते, भांडते, मैत्रिणीला फोन लावते. तेव्हा समुपदेशकाचं खरं काम सुरू होतं. सगळं मिळून महिने लागतील, कदाचित वर्ष-दोन वर्षं. बारावीचं एक वर्ष गेलं तर जाऊ द्या. हे तुम्हाला पटेल, पप्पांना पटायला वेळ लागेल.

पप्पांसाठी एक वेगळं काम आहे. त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारून दोन जेवणांपैकी एक रात्री तिच्याबरोबर घ्यावं. शुगर सांभाळून जे चालेल ते खावं, पण बसावं. घरात वजन, पोट, ‘बारीक झालीस’, ‘भरलीस’, हे शब्द कोणीच काढायचे नाहीत, कौतुकानंसुद्धा नाही. ती बरी होताना एखादी मावशी ‘आता कशी छान गुटगुटीत दिसतेस’ म्हणेल आणि पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात जाईल. पाहुण्यांना आधीच फोन करून ठेवा.

राहिला फराळ. तिचा आनंद हिरावून घ्यायला माझंही मन होत नाही. पण तळणीच्या वासात तासन्‌तास उभं राहून स्वतः एक चकली न खाणं हा तिच्यासाठी आनंद नाही, तो या आजाराचा रियाज आहे. यंदा चकल्या तुम्ही पाडा, लाडू सासूबाई वळतील. तिला पणत्या रंगवायला द्या, आकाशकंदील करायला द्या. पहिला घाणा निघाला की चार चकल्या वाटीत घालून, दह्याबरोबर, तिच्यापुढं ठेवा, आणि तुमचीही वाटी घेऊन शेजारी बसा.